तळ्यात बादली रिकामी करणाऱ्या गृहस्थांस



तुमचं नाव मला ठाऊक नाही. गेल्या भाद्रपदात, विसर्जनानंतरच्या रविवारी सकाळी तुम्ही आमच्या तळ्याच्या घाटावर आला होतात. हातात निळी बादली, सोबत सात-आठ वर्षांचा मुलगा. शेवटच्या पायरीवर उकिडवे बसून तुम्ही बादली तिरकी केलीत आणि दोन कासवं पाण्यात घसरली. एकाच्या पाठीवर लाल नेलपॉलिशने काढलेला बदाम होता. मुलगा रडू लागला तेव्हा तुम्ही त्याला म्हणालात, "अरे, आता ती मोकळी झाली. बघ, केवढं मोठं पाणी मिळालं त्यांना!" मग महादेवाच्या देवळाकडे वळून हात जोडलेत आणि रिकामी बादली घेऊन निघून गेलात.

मी वरच्या पायऱ्यांवर होतो. खाली पोचेपर्यंत तुमची गाडी वळणाआड गेली होती. त्या दिवशी तोंडावर सांगायचं राहिलं, ते आज चारचौघांत सांगतो आहे.

बदामवालं कासव माझ्याकडे आहे.

दिवाळीनंतर ते घाटाच्या कोपऱ्यात, साचलेल्या निर्माल्यात अडकलेलं पोरांना सापडलं. तळ्यावरच्या कासवांची मी वही ठेवतो हे पोरांना माहीत आहे, म्हणून त्यांनी ते माझ्याकडे आणून दिलं. दोन्ही डोळे सुजून बंद झाले होते. पाठीवर अंगठा ठेवला तर कवच आत दबत होतं. तुम्ही कधी दाबून पाहिलंत का? कासवाची पाठ म्हणजे वरून चढवलेलं चिलखत नव्हे. तो त्याचा कणा आहे, त्याच्या बरगड्या आहेत. तिथे त्याला स्पर्श कळतो, वेदनाही कळते. ती पाठ मऊ झाली म्हणजे त्या जिवाची हाडं विरघळत आली होती. डॉक्टरांनी एक्स-रे काढला तेव्हा पायांची हाडं फिकट रेघांसारखी दिसली. हाडं इतकी झिजायला तळ्यातले दोन महिने पुरत नाहीत. ती झिजली तुमच्या घरी, दिवाणखान्यातल्या त्या गोल भांड्यात, तुमच्या डोळ्यांदेखत.

भांडं मी पाहिलेलं नाही, पण त्याचं वर्णन करू शकतो, कारण विकणारे सगळीकडे तेच देतात. वीतभर रुंदीचं प्लॅस्टिकचं भांडं, मधे हिरवा प्लॅस्टिकचा माड, खाली रंगीत खडे आणि सोबत सुक्या झिंग्यांची डबी. त्या डबीवर तुम्ही दोन वर्षं काढलीत. नुसत्या सुक्या झिंग्यांवर अ जीवनसत्त्व मिळत नाही आणि मग डोळे सुजतात. डोळे सुजले की अन्न दिसत नाही, दिसलं नाही की ते खात नाही. तुम्हाला वाटलं असेल, हल्ली शांत झालंय.

या कासवाला लागतं ते ऊन. काचेआडचं चालत नाही, कारण हाडांसाठी लागणारे अतिनील किरण खिडकीची काच अडवते. घरात ठेवायचं तर त्यासाठी खास दिवा लावावा लागतो, आणि तो दिसायला चालू असला तरी सहा महिने ते वर्षभरात बदलावा लागतो, कारण उजेड राहतो आणि उपयोगाचे किरण संपतात. पाण्याबाहेर पूर्ण कोरडं होऊन बसता येईल असा उतरता दगड हवा, तिथे तीस-बत्तीस अंशांची ऊब हवी. खायला लहानपणी मासे, गांडुळं, किडे आणि वय वाढेल तसा पाला जास्त. ते पाण्यातच गिळू शकतं, म्हणून जिथे खातं तिथेच घाण करतं आणि म्हणून दणकट फिल्टर लागतो. पाळणाऱ्यांचा साधा हिशेब असा, की कवचाच्या दर इंचाला चाळीस लिटर पाणी. पूर्ण वाढलेली मादी दहा इंचांची होते, म्हणजे चारशे लिटर. घराच्या गच्चीवरची निम्मी टाकी एका कासवाला. तुम्ही दोन घेतलीत आणि दोघांना मिळून दोन लिटर पाणी दिलंत.

दुकानदार म्हणाला असेल, "साहेब, हे एवढंच राहतं." त्याने खोटं सांगितलं. पण मुलाच्या वाढदिवसाला मोबाइल घेताना तुम्ही चार ठिकाणी चौकशी केली असती. इथे दोन जीव घरी आणत होतात, आणि विकणाऱ्याच्या शब्दापलीकडे कुणालाही विचारलं नाहीत. कानामागच्या लाल पट्ट्यामुळे ज्याला लाल कानाचं स्लायडर म्हणतात ते हे कासव वीस-तीस वर्षं सहज जगतं. दीडशे-दोनशे रुपयांत तुम्ही तीस वर्षांची जबाबदारी उचललीत आणि दोन वर्षांत ती आमच्या तळ्यात ओतलीत.

ते आपल्याकडचं नाहीच. मिसिसिपीच्या खोऱ्यातलं, अमेरिकेच्या दक्षिणेकडचं आहे. तिथल्या शेतांवर त्याची पैदास होते आणि १९८९ ते १९९७ या काळात ५ कोटींहून जास्त पिल्लं तिथून जगभर पाठवली गेली. खुद्द अमेरिकेने १९७५ मध्येच चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी घातली, कारण मुलं ती हाताळत, तोंडाला लावत आणि त्यांच्या अंगावरच्या साल्मोनेला जंतूंनी आजारी पडत. युरोपीय संघाने १९९७ मध्ये आयात थांबवली. आपल्याकडे चेन्नई, तिरुचिरापल्लीच्या विमानतळांवर प्रवाशांच्या बॅगांत ही पिल्लं हजारोंनी सापडली आहेत. तुमच्या मुलाच्या हातावर ठेवलेलं रुपयाएवढं पिल्लू अशाच एखाद्या बॅगेतून, खाण्यापाण्याविना आलेलं असण्याची शक्यता मोठी आहे.

आता तळ्याविषयी.

तुम्ही म्हणालात, मोठं पाणी मिळालं. ते पाणी रिकामं होतं असं तुम्हाला वाटलं का? देवळामागे पाण्यात उतरलेला कातळ आहे. थंडीत सकाळी नऊनंतर त्यावर आपली काळी कासवं उन्हाला येतात. माझ्या वहीत त्यांच्या बारा वर्षांच्या नोंदी आहेत. गाळाच्या बाजूला मऊ पाठीची कासवं आहेत. त्यांच्या पोटाकडे मागच्या पायांवर झाकणासारख्या झडपा असतात. पाय आत घेतले की त्या मिटतात. उन्हाळ्यात तळं आटलं की ती चिखलात स्वतःला गाडून घेतात आणि पहिल्या पावसाला वर येतात. मेलेले मासे, गोगलगायी, कुजकं सगळं खाऊन तळं स्वच्छ ठेवणारे हे जीव. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्यांचं नाव आहे, वाघाच्या रांगेत. त्यांच्या घरात तुम्ही परका पाहुणा सोडलात, तोही आजारी.

स्लायडर दांडगं असतं. ऊन खायची चांगली जागा ते बळकावतं. फ्रान्समध्ये तिथली तलावातली कासवं स्लायडरबरोबर एकत्र ठेवून अभ्यास झाला आहे. स्थानिक कासवांचं वजन घटलं आणि ती जास्त मेली. बेडकांची अंडी, पिल्लं, पाणवनस्पती, सगळं ते खातं. मादी एका वेळी वीसपर्यंत, कधी त्याहूनही जास्त अंडी घालते, वर्षातून अनेकदा. जगातल्या सर्वांत घातक शंभर आक्रमक परक्या प्रजातींची यादी आहे, तिच्यात हे कासव आहे. केरळात त्रिशूरच्या कालव्यात ते २०१८ मध्ये सापडलं. तिथल्या वनसंशोधकांनी लोकांना हात जोडून सांगितलं, तुम्हाला नको असतील तर आम्हाला द्या, पाण्यात सोडू नका.

गेल्या महिन्यात मी कातळावर दुर्बीण लावली. वर तीन लाल पट्टे होते. तुम्ही सोडलेलं दुसरं त्यांत असेल. बाकीची दोन आणखी कुणाची तरी बादली. आपली काळी कासवं खाली, पाण्यात डोकं वर काढून कडेने फिरत होती. बारा वर्षांत मी त्यांना त्या कातळाखाली ताटकळताना पाहिलं नव्हतं.

तुम्ही देवळाकडे हात जोडलेत, त्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. त्या देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव आहे. आपण सगळे वाकून त्याच्या पाठीला हात लावतो, तो हात कपाळाला लावतो आणि मगच पुढे जातो. शेकडो वर्षांच्या हातांनी ती पाठ गुळगुळीत झाली आहे. तुमच्या मुलालाही तुम्ही तो नमस्कार शिकवला असेल. मग दगडाच्या पाठीला वाकून शिवणाऱ्या हातांनी जिवंत पाठीवर नेलपॉलिशचा बदाम कसा काढू दिलात? आपल्या संतांनी कासवीच्या नजरेची उपमा मायेला दिली. ती दुरून बघते आणि पिल्लं वाढतात, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. तुमच्या घरी ती पिल्लं दोन वर्षं बघणाऱ्या डोळ्यांची वाट बघत होती.

घरात कासव असलं की पैसा येतो असं कुणी सांगितलं असेल, तर पाण्याच्या ताटलीत धातूचं कासव ठेवतात तेवढं ठेवायचं होतं. त्याला भूक लागत नाही. याच समजुतीपायी आपल्याकडे चांदणी पाठीची कासवं पोत्यांत भरून नेली जातात आणि वीस नखांचं कासव पैशाचा पाऊस पाडतं म्हणून भोंदू लोक त्यांची नखं मोजतात. पुढच्या पायांना पाच, मागच्यांना चार. निसर्गाने अठराच दिली आहेत. विसाव्या नखाच्या शोधात कित्येक जीव जातात.

वेळास गावच्या किनाऱ्यावरून समुद्रात कासवांची पिल्लं सोडतात ते बघून सोडणं म्हणजे पुण्य असं तुमच्या मनात बसलं असेल, तर तेही स्पष्ट करतो. तिथली पिल्लं ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची आहेत. आई त्याच वाळूत अंडी घालून समुद्रात परतलेली असते. पूर्वी गावात ती अंडी खाल्ली जात, विकली जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली, आणि आज त्याच गावचे लोक रात्री किनाऱ्यावर फिरून अंडी जपतात. पिल्लं जिथली आहेत तिथे जातात. एकदा मुलाला तिकडे न्या. मावळतीला घरट्यावरची टोपली उचलली की ती वाळूवरून लाटेकडे कशी सरकतात ते त्याला बघू द्या. कुणी त्यांना हात लावत नाही, फोटोसाठी उचलत नाही. त्याला कासव खरोखर दाखवायचं असेल तर तिथे दाखवा.

तुम्हाला ती दोन जड झाली होती, हे मी समजू शकतो. तेव्हा प्राणी वाचवणाऱ्या एखाद्या संस्थेला फोन करता आला असता. माझ्यासारख्या कुणाच्या दारात पेटी ठेवून न बोलता निघून जाता आलं असतं; मी एकही प्रश्न विचारला नसता.

बदामवालं कासव वाचलं. आधी डोळ्यांत मलम, अ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, मग कॅल्शियम, दिवा, गच्चीवर रोज सकाळचं ऊन. चाळिसाव्या दिवशी त्याचा डावा डोळा उघडला आणि त्याने माझ्या हातातलं गांडूळ ओढून घेतलं. नेलपॉलिश मी हळूहळू सोडवलं. अजून एका पापुद्र्यावर लालसर डाग दिसतो. पाठ आता कठीण आहे, पण वाकडीच राहणार. ते पुन्हा तळ्यात जाणार नाही. तीस वर्षं त्याला माझ्याकडे किंवा माझ्यानंतर ज्याच्याकडे देईन त्याच्याकडे काढायची आहेत. माझी मुलगी तयार आहे.

बाकी तीन लाल पट्टे अजून तळ्यात आहेत. आम्ही वनखात्याला कळवलं आहे. त्यांच्या लोकांसोबत एक तरंगती चौकट तयार केली आहे. उन्हाला वर चढलेलं कासव आतल्या जाळीत उतरतं, त्याला इजा होत नाही. मऊ पाठीचं किंवा काळं कासव आलं तर लगेच सोडून द्यायचं, म्हणून चौकटीजवळ सतत माणूस लागतो. येत्या रविवारपासून सकाळी आठ ते अकरा आम्ही घाटावर असू. आमच्यात माणसं कमी आहेत.

तुमचा मुलगा सोबत आला तर फार बरं होईल. नेलपॉलिश नसलेलं कासव कोणतं, हे त्याच्याइतकं नीट कुणी ओळखणार नाही. आणि येताना ती निळी बादली घेऊन या.

तळ्याकाठचा,
एक नोंदवहीवाला