टीडीएस मीटर यांस, सप्रेम नमस्कार

प्रति,
श्रीमान टीडीएस मीटर,
मूळ मुक्काम : फिल्टरवाल्याच्या शर्टाचा वरचा खिसा.



पत्र सिंदी (रेल्वे) येथून लिहीत आहे. नावातला कंस कृपया गाळू नये. आमच्याच जिल्ह्यात वर्धा शहराला लागून एक सिंदी (मेघे) आहे. कंस विसरला की पाहुणा भलत्याच सिंदीला जाऊन उभा राहतो. त्यामुळे नुसत्या नावावर विसंबायचं नाही, कंसात काय आहे ते आधी पाहायचं, ही आम्हा सिंदीकरांची जुनी खोड. आपल्याशी आमचं बिनसलं ते या खोडीपायीच.

आपली पहिली भेट गेल्या उन्हाळ्यातली. कंपनीचा एक मुलगा दारात आला. "काकू, तुम्ही कोणतं पाणी पिऊन राहिले, ते फुकटात पाहून देतो," म्हणाला. फुकट म्हटल्यावर मी ग्लास घेऊन आले. त्याने आपल्याला खिशातून काढलं, टोपण उघडून नळाच्या पाण्यात बुडवलं. आपण ६१० म्हणालात. मग त्याने स्वतःच्या बाटलीतल्या आरओच्या पाण्यात बुडवलं. आपण ३२ म्हणालात. ६१० कशाचे, हे आपण सांगितलं नाही, आणि त्याला विचारायची माझी छाती झाली नाही.

पुढे तर जादूच झाली. त्याने दोन्ही ग्लासांत लोखंडी सळयांचं एक यंत्र सोडलं आणि बटण दाबलं. मिनिटभरात नळाचं पाणी पिवळं, मग हिरवट आणि शेवटी गटारासारखं काळपट झालं. वर फेस आला. आरओचं पाणी मात्र स्वच्छ. "पाहा न काकू, हे जाते तुमच्या पोटात!" माझ्या पोटात खरंच कालवलं.

आमच्या सासूबाई इतका वेळ सुपात तांदूळ निवडत होत्या. त्या उठल्या, डब्यातलं चिमूटभर मीठ आणून त्याच्या त्या स्वच्छ ग्लासात टाकलं आणि म्हणाल्या, "आता दाब बरं बटण." दाबलं. तेही पाणी काळंच झालं! "सळई झिजून राहिली बापा, पाण्याचा काय दोष?" असं म्हणून त्या पुन्हा तांदळाकडे वळल्या. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, लोखंड विरघळतं आणि दिसतो तो त्याचा गंज. आरओच्या पाण्यात क्षारच नसल्यासारखे, म्हणून वीज फारशी वाहत नाही. चौथी शिकलेल्या बाईने हे मिठाच्या चिमटीवर ओळखलं. मुलगा गडबडीने निघाला आणि आपण ओट्यावर राहून गेलात.

तेव्हापासून आपली सेवा चालू आहे. नारळपाण्यात बुडवलं, तर आपला आकडा हजारांत गेला. आपल्या हिशोबाने आजाऱ्याला शहाळं देणं म्हणजे विषप्रयोगच. मग गाळलेल्या पाण्याच्या पेल्यात अंगणात खेळून आलेल्या नातवाने बोटं बुडवली. आपण जेमतेम दोन अंकांनी हललात. त्या बोटांवरचे जंतू आपल्या गावीही नव्हते. यात आपली चूक नाही. आपण पाण्यातून वीज किती वाहते ते मोजता आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज बांधता. त्यात कॅल्शियम किती, नायट्रेट किती, हे आपल्याला कळत नाही. जंतू तर क्षारच नव्हेत. आमच्याकडे तान्हा पोळ्याला पोरं लाकडी बैल सजवून मिरवतात. झूल देखणी, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू. पण त्या बैलाला कोणी नांगराला जुंपत नाही. आपल्याला मात्र थेट जुंपलं, आणि घरोघरचे फिल्टर आपल्या एका आकड्यावर विकले गेले.

आता कंसाकडे, म्हणजे पाण्यात खरंच काय आहे त्याकडे येते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक गुणवत्ता अहवालात नायट्रेटने सर्वाधिक गांजलेल्या देशातल्या पंधरा जिल्ह्यांत वर्धा आहे. सोबतीला बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड आणि जळगाव. हे भूजलाचं झालं, प्रत्येक नळाचं नव्हे. पण नळ आटला की आम्ही विहिरीकडे आणि बोअरकडेच वळतो ना? शेतातला युरिया, घरामागचा उकिरडा, संडासाचा शोषखड्डा यांचा पाझर खाली उतरतो. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. त्याहून जास्त नायट्रेट असलेल्या पाण्यात कालवलेलं दूध सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला दिलं, तर रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद घटते आणि ओठ निळे पडू शकतात. असं पाणी उकळलं तर वाफ निघून जाते, नायट्रेट मागेच राहून आणखी दाट होतं. तीनशे टीडीएसच्या पाण्यातही ते मर्यादेबाहेर असू शकतं. आपण मात्र ३०० म्हणून मोकळे.

नळाचं दुखणं निराळं. पाणी ठरावीक वेळेला येतं, बाकी वेळ पाइप रिकामा. कुठे जोड सुटलेला असला आणि शेजारून नाली वाहत असली, की तिचं पाणी आत ओढलं जातं. त्यावर पहारा क्लोरीनचा. शेवटच्या नळापर्यंत लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम उरलं पाहिजे. ते पाहायला ओटी टेस्ट असते: दोन थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं तर पहारेकरी जागा आहे. त्या परीक्षेलाही आपण नापास.

म्हणून फिल्टर घेण्याचा आमच्या घरचा नियम ऐका. नायट्रेट किंवा फ्लोराइड मर्यादेबाहेर असेल, पाणी फारच खारं असेल, तर आरओ घ्यावा. तिथे कँडल, यूव्ही (अतिनील किरणं), उकळणं यांचा उपयोग नाही. क्षार ठीक असतील आणि भीती फक्त जंतूंची असेल, तर यूव्ही किंवा यूएफ (अतिसूक्ष्म गाळणी) पुरतं. यूव्हीला मात्र निवळ पाणी लागतं आणि वीजही. वीज गेली की चूल आहेच, पाणी खळखळून उकळावं. गरज नसताना आरओ लावला, तर जुन्या यंत्रात पेलाभर पाण्यामागे तीन पेले मोरीत जातात. मे महिन्यात गुंडभर पाण्यासाठी ताटकळणाऱ्याने हे करू नये. पाचशेच्या आतल्या टीडीएसला आरओ नको, असं राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये म्हटलं होतं. आपल्याला घेऊन फिरणाऱ्यांनी ते ऐकलं नसावं.

तेव्हा आपल्याला आता सेवेतून मोकळं करत आहोत. आपण खिशातच बरे. जुना आरओ बिघडला का, हे पाहायला कधीतरी बोलावू, तेवढं काम आपल्याला छान जमतं. पाणी काय आहे ते मात्र वर्ध्याला भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेला विचारू.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक नळधारक,
सिंदी (रेल्वे)

ता. क. : हे नगर परिषदेसाठी. पाणीपट्टीच्या पावतीमागे बरीच कोरी जागा असते. तिथे नायट्रेट, गढूळपणा, जंतू आणि उरलेलं क्लोरीन, असे चारच आकडे दर महिन्याला छापावेत. आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनो, दाराशी कोणी नुसता आकडा घेऊन आला, तर चहा द्या. फिल्टर मात्र पाण्याचा अहवाल हातात आल्यावरच घ्या.