भृकुटी, फक्त १९९ रुपयांत

खोक्यावरच्या मजकुरानुसार ही कांडी भुवया भरते, डोळ्यांना कड काढते, पापण्यांवर सावली पाडते आणि भांगातले पांढरे केसही लपवते. एका टोकाला रंग, दुसऱ्या टोकाला इवलासा ब्रश. एवढी कामं अंगावर घेणारी बाई १९९ रुपयांत मिळतेय म्हटल्यावर मला आधी तिची दया आली, मग संशय, आणि मग मी ती घेतली.

"मी बाई काही मेकअप करत नाही," असं चारचौघींत सहजपणे म्हणता यावं यासाठी चेहऱ्याची बरीच तयारी करून घरून निघावं लागतं. ती तयारी मी बाथरूमचं दार लावून करते.

माझ्या भुवया नव्वदच्या दशकात गेल्या. तेव्हा बारीक भुवयांची फॅशन होती. पार्लरवाली दोरा दातात धरायची, "ताई, वरून ताणून धरा" म्हणायची आणि दर महिन्याला थोडी थोडी जमीन संपादित करायची. मोबदलाही मीच द्यायचे. पुढे फॅशन फिरली, जाड भुवया आल्या. पण संपादित झालेली जमीन मूळ मालकाला सुखासुखी परत मिळाल्याचं आपल्याकडे कुणी ऐकलंय? उरलीसुरली शेपटं थायरॉईडने नेली. ते कमी पडलं की भुवयांची बाहेरची टोकं विरळ होऊ शकतात, हे मला डॉक्टरांनी सांगितलं. पार्लरमधल्या पोरीने त्याआधीच "ताई, तुमचं सगळंच लाइट झालंय" असं निदान करून ठेवलं होतं. मोनालिसाचं भुवयांवाचून अडलं नाही, हे खरं. पण तिला सोसायटीच्या मीटिंगला जायचं नव्हतं.

तर कांडी. उजवी भुवई पहिल्या फटक्यात झकास जमली. डावी तिच्यापेक्षा बारीक वाटली म्हणून जरा वाढवली, मग उजवी बिचारी वाटू लागली म्हणून तिलाही थोडं दिलं. असा न्याय करत करत दोघी कपाळावर चढल्या. मी दहा वर्षांनी तरुण दिसेन अशा बेताने बाहेर आले. नवऱ्याने पेपरातून वर पाहिलं आणि मी काही विचारायच्या आत विजेचं बिल भरायचं राहिल्याचं सांगून टाकलं.

तेव्हा भरतमुनींची आठवण झाली. नाट्यशास्त्राच्या आठव्या अध्यायात त्यांनी भुवयांच्या सात हालचाली सांगितल्यात: उत्क्षेप, पातन, भृकुटी, चतुर, कुंचित, रेचित आणि सहज. या विषयावर मी थांबत नाही, हे घरच्यांना ठाऊक आहे; तुम्हीही जरा सोसा. उत्क्षेप म्हणजे भुवया वर उचलणं, दोन्ही एकदम किंवा पाळीपाळीने. मेंटेनन्स वाढल्याची नोटीस वाचताना ही आपोआप होते. पातन म्हणजे खाली आणणं. मुनींनी ती असूयेसाठीही सांगितलीय आणि किळस दाखवायलाही. नणंदेचं नवं मॉड्युलर किचन बघताना मला दोन्हींसाठी एकदमच लागली. भृकुटी म्हणजे मुळापासून उचलून क्रोध दाखवणं, तिच्याबद्दल पुढे बोलू. चतुर म्हणजे किंचित हलवत गोडव्याने पसरणं. ही शृंगारातली, पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मी ती भाजीवाल्याकडून वरची कोथिंबीर मिळवायला वापरते. कुंचित म्हणजे हलकेच वाकवणं. लेकाला पैसे हवे असले की तो फोनवरसुद्धा ती करत असावा. रेचित म्हणजे एकच भुवई नखऱ्यात उचलणं. मी प्रयत्न केला की कान हलतात. आणि सहज म्हणजे काहीही न करणं. ही सर्वांत अवघड, कारण माझा सहज चेहरा बघून लोक विचारतात, "बरं नाहीये का?"

आता भृकुटी. माझी मावशी मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. छडी तिने कधी हातात धरली नाही. भुवया जवळ आल्या की वर्ग गप्प. निवृत्तीनंतर केमोथेरपी झाली, डोक्यावरचे केस गेले, पाठोपाठ भुवयाही. मी भेटायला गेले तर म्हणाली, "केसांचं काही नाही गं, स्कार्फ बांधते. पण मला रागावताच येत नाहीये. जो येतो तो माझ्याशी तान्ह्या बाळाशी बोलावं तसं बोलतो. काल एकीने मला भात भरवायला घेतला. हात चालतात माझे!"

हे ऐकून मला हसू आलं नाही. चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईला "गोळी घेतली का आमच्या सोन्याने?" असं विचारणाऱ्या माणसांचा मला अजून राग येतो.

तिच्या डॉक्टरांना विचारून मी तीच कांडी काढली. एकही केस नसताना भुवई काढायची तर बोटाने हाडाची कड चाचपावी लागते. बारीक बारीक रेघा ओढून ब्रशने पुसट केल्या. मावशीने आरसा नीट पाहिला, मग काकांकडे वळून म्हणाली, "सकाळी चहात साखर कुणी घातली होती?" काका खुर्चीत ताठ बसले.

तर निकाल असा. भुवयांसाठी कांडी चांगली, पैसे वसूल. काळी घेऊ नका, तपकिरी घ्या. भांगाला लावली तर उशीचा अभ्रा रंगतो. डोळ्यांच्या कडांना लावली तर चुरचुरते. भुवयांचं खरं काम कपाळाचा घाम डोळ्यांत न जाऊ देणं. मे महिन्यात ही कांडी घामाबरोबर स्वतःच डोळ्यांत उतरते, म्हणून पावसाळा आणि उन्हाळा सोडून वापरा. डावी उजवीशी जुळवत बसू नका, कुणाच्याच जुळत नसतात. आणि आजारी बाईला भेटायला जाल तेव्हा तिच्याशी मोठ्या माणसाशी बोलतो तसं बोला. तिच्या भुवया परत येईपर्यंत थांबू नका.