डावा कोपरा रिकामा आहे

भविष्य सांगण्याच्या बाबतीत आमचा बुलढाणा जिल्हा स्वयंपूर्ण आहे. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला दर अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. अठरा प्रकारची धान्यं गोलाकार ठेवायची, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, घागरीवर पापड-कुरडई आणि जवळच पानविडा. रात्रभर तिकडं कोणी फिरकत नाही. पहाटे वाघ घराण्यातले महाराज पाहणी करतात. कोणतं धान्य सरकलं, कोणतं ढेकूळ किती भिजलं, यावरून वर्षाचा पाऊस, पीकपाणी आणि भाव सांगितला जातो. विड्यावरची सुपारी म्हणजे राजा. ती जागची हलली नाही तर राजा कायम. तीनशेहून जास्त वर्षांची ही चाल आहे असं सांगतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाले तिच्यावर आक्षेप घेतात, शेतकरी तरी ऐकायला जातात, आणि पाऊस दोघांनाही न विचारता पडतो.

आमच्या पिंपळगाव राजात घट मांडत नाहीत. इथं संघ मांडतात.

2025 साली अक्षय्य तृतीया 30 एप्रिलला आली, घटाचं भाकीत 1 मेला झालं, आणि प्रो कबड्डीच्या बाराव्या हंगामाचा लिलाव मुंबईत 31 मे आणि 1 जूनला होता. मधला महिना आमच्याकडं मोठा चमत्कारिक असतो. वखरणी झालेली असते, बियाण्या-खताच्या पैशाची जुळवाजुळव चालू असते, आणि आभाळाकडं बघण्यापलीकडं हाताला काम नसतं. अशा वेळी बस थांब्याजवळच्या चहाच्या टपरीवर जो विषय निघेल त्याचं सोनं होतं. गेली काही वर्षं तो विषय आहे पुणेरी पलटण. कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, कोणाला किती लाखांपर्यंत बोली लावायची.

क्रिकेटच का नाही, असं बाहेरगावचे विचारतात. आयपीएलच्या लिलावाबद्दल सगळ्या देशाला मत आहे, त्यामुळं तिथं मताला भाव नाही. कबड्डीचं तसं नाही. टपरीवरच्या प्रत्येकाच्या ढोपराला या खेळाची एक तरी खूण आहे. शिवाय वऱ्हाडाचा या खेळावर जुना हक्क आहे. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूनं तिथं कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं. तरीही बारा संघांच्या या लीगमध्ये विदर्भाचा एकही संघ नाही. महाराष्ट्राचे दोनच, मुंबईचा आणि पुण्याचा. यू मुम्बानं 2015 मध्ये अनुप कुमारच्या कप्तानीत विजेतेपद मिळवलं तेव्हापासून काही प्रौढ मंडळी मुंबईकडं झुकलेली आहेत. पण पोट्टे पुण्याचे. पुणं एका रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या अंतरावर आहे, आणि घरटी कोणी ना कोणी तिथं आहेच.

लिलावाचे नियम टपरीला तोंडपाठ आहेत. प्रत्येक संघाला 5 कोटींची थैली. त्यात कमीत कमी 18 आणि जास्तीत जास्त 25 गडी बसवायचे. ‘अ’ गटाची पायाभूत बोली 30 लाखांपासून, ‘ब’ची 20, ‘क’ची 13 आणि ‘ड’ची 9. एवढी माहिती मिळाली की माणूस मालक होतो. आमच्या गावात पाच कोटी रुपये एकरकमी कोणी पाहिलेले नाहीत, पण ते कसे खर्च करावेत याबद्दल कोणाच्याच मनात शंका नाही. सरकीच्या दोन पिशव्या उधार मिळतील का म्हणून सकाळी कृषी केंद्रात घुटमळलेला माणूस संध्याकाळी मांडीवर थाप मारून सांगतो, “शादलूईले दोन कोटीच्या वर एक रुपया द्याचा नाही. सांगून ठेवतो सर.”

मी मास्तर होतो, त्यामुळं या गोष्टी मला सांगून ठेवल्या जातात. पुणेरी पलटणचा व्यवस्थापक माझ्या ओळखीचा असावा, असा काहींचा समज आहे. मीही तो दूर करत नाही.

तर हा मोहम्मदरेझा शादलूई. इराणचा, डाव्या कोपऱ्याचा राक्षस, वर चढाईही करतो. 2023 मध्ये पुण्यानं त्याला 2 कोटी 35 लाखांना घेतलं तेव्हा टपरीवर दोन तट पडले होते. अर्धी थैली एका माणसावर उडवणं म्हणजे पोरीच्या लग्नात सगळा पैसा बँडवाल्याला देणं, असं एका तटाचं म्हणणं. 1 मार्च 2024 ला हैदराबादेत पुण्यानं हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं, आणि दुसऱ्या दिवशी चौकशी केली तर पहिल्या तटात कोणी नव्हतंच. पुढच्या लिलावात हरियाणानं त्याला 2 कोटी 7 लाखांत उचललं. त्या वर्षी हरियाणा विजेता आणि पुणे बाद फेरीतही नाही! झालं, सिद्धान्त तयार झाला: शादलूई जाईल तिकडं चषक जाईल. 2025 ला तो 2 कोटी 23 लाखांना गुजरातकडं गेला, तेव्हा टपरीनं हंगाम सुरू होण्याआधीच चषक अहमदाबादला रवाना करून टाकला. गुजरात पहिल्या आठांतही आला नाही. सिद्धान्त कोणी मांडला होता ते आजवर उघड झालेलं नाही.

असं असूनही अंदाजाची गोडी कमी होत नाही, कारण मोठमोठ्यांचे अंदाज याहून वाईट चुकतात. 2022 मध्ये तमिळ थलैवाजनं पवन सेहरावतसाठी 2 कोटी 26 लाख मोजले, आणि तो पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून हंगामभर बाहेर बसला. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सनं त्याच्यासाठी 2 कोटी 60 लाखांच्या वर रक्कम दिली, आणि संघ तळाला राहिला. उलट चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई. 2018 मध्ये तो यू मुम्बाला 36 लाख 40 हजारांत मिळाला, आणि एका हंगामात असा खेळला की पुढच्या लिलावात 1 कोटी 45 लाखांवर गेला. त्याला आधी ओळखलं होतं असं सांगणारी माणसं आमच्या गावात बरीच आहेत. कोल्हापूरकडं कोणाचंच जाणं-येणं नाही, हा भाग वेगळा.

पुण्यातल्या एका माजी विद्यार्थ्याकडून मला कळलं की अमेरिकेत हा उद्योग फार पुढं गेला आहे. तिथल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये (चेंडू हातात धरून पळतात, तरी फुटबॉलच) कॉलेजातली पोरं बोलीनं घेत नाहीत, पाळीनं निवडतात. आणि पहिली पाळी कोणाची, तर मागच्या वर्षी सगळ्यात वाईट हरलेल्या संघाची. हे टपरीवर सांगितलं तेव्हा लोक भारावून गेले. तळाच्या माणसाला आधी विचारायचं ही कल्पना आमच्याकडं फक्त भाषणात आलेली आहे. 2025 ची निवड ग्रीन बे नावाच्या गावात झाली. लाखभर वस्ती, आणि तिथला संघ कोणा एका धनिकाचा नसून लाखो भागधारकांचा. निवडीच्या आधी कित्येक महिने तिकडचे जाणकार याद्या काढत बसतात, कोणत्या संघाला काय कमी आहे आणि तो कोणाला घेईल. त्या वर्षी शेदूर सँडर्स नावाचा पोरगा पहिल्या फेरीतच जाणार असं बहुतेकांनी छापलं होतं. तो पाचव्या फेरीत गेला, 144 व्या क्रमांकावर. “मंजे त्यायच्याकडंही भेंडवळ हाय,” टपरीवाला म्हणाला, आणि अमेरिकेबद्दलचं आमचं दडपण कायमचं उतरलं.

लिलावाचे दोन दिवस टपरीवर गर्दी उसळते. फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला, आवाज पूर्ण. बोली चढत जाते तसतसे लोक उभे राहतात. सचिन तंवरचं नाव आलं. आदल्या वर्षी तो 2 कोटी 15 लाखांना गेला होता. या वेळी पुण्याला 1 कोटी 5 लाख 80 हजारांत मिळाला. पोरं नाचली. मागच्या बाकड्यावरचे एक काका मात्र गंभीर झाले. “कापसावानीच झालं मंग,” ते म्हणाले. “पेरतानी येक भाव, इकतानी येक. त्या पोराचं घर चालते ना पन बरोबर?” एक कोटीत घर चालतं की नाही यावर थोडी चर्चा झाली. चालत असावं असं ठरलं.

त्याच लिलावात प्रदीप नरवालला कोणी घेतलं नाही. ज्याच्या डुबकीची नक्कल करताना एका पिढीनं नाकं घासून घेतली, ज्याच्या नावावर अठराशेहून जास्त चढाई गुण, ज्याच्यावर 2021 मध्ये 1 कोटी 65 लाखांची बोली लागली, त्याचं नाव पुकारलं गेलं आणि बाराही टेबलांवरून एक हात वर झाला नाही. लवकरच त्यानं निवृत्ती जाहीर केली. टपरीवर आधी कोणी काही बोललं नाही. मग एक पोट्टं म्हणालं, “आपुन घेऊ ना त्याले. पिंपळगावात ये म्हना. राहनं-जेवनं आपल्याकडं.”

सगळे हसले, पण ती सूचना अगदीच वावगी नव्हती. आमच्या स्वतःच्या संघाची अवस्था पाहता एक चढाईपटू हवाच होता. हा संघ शिवजयंतीला आणि गणपतीत पंचक्रोशीतल्या मैदानांवर उतरतो. थैली शून्य, पायाभूत बोली सामन्यानंतरचा नाश्ता. तरी एके काळी त्याच्या बचावाला लोक वचकून असत. डाव्या कोपऱ्यावर जो पोरगा उभा राहायचा, त्यानं घोटा धरला की चढाई करणारा मध्यरेषेकडं फक्त बघायचा. आयटीआय झालं आणि तो चाकणला कंपनीत लागला. उजव्या बाजूचा पोलीस भरतीच्या तयारीला लागला, तो आता ढोपर जपतो. भरवशाच्या चढाईपटूचं लग्न झालं आणि वर्षभरात त्याला बोनस रेषाच दिसेनाशी झाली, पोट मध्ये येऊ लागलं. पुण्याचा डावा कोपरा कोणी सांभाळावा यावर रात्र-रात्र भांडणारी माणसं गावच्या डाव्या कोपऱ्याबद्दल मात्र बोलत नाहीत. तिथं दर वर्षी एक नवा, काटकुळा पोरगा उभा राहतो आणि पुढच्या वर्षी ट्रॅव्हल्समध्ये बसतो.

चाकणला गेलेल्या त्या पोराचे वडील टपरीवर रोज येतात. कबड्डीत त्यांना फारसा रस नाही, चहात आहे. लिलाव चालू असताना पडद्यावर कोणत्या तरी संघानं एफबीएम कार्ड वर केलं, आणि आरडाओरडा झाला. त्यांनी हे काय म्हणून विचारलं. मी समजावून सांगितलं: दुसऱ्या संघानं शेवटची बोली लावली, तरी जुन्या संघाला एक सवलत असते, तेवढीच रक्कम आम्ही देतो असं म्हटलं की खेळाडू त्यांच्याकडंच राहतो.

“मंजे त्यायनं जेवढे देल्ले तेवढे आपुन देल्ले, का गडी वापस?”

“हो.”

त्यांनी कप खाली ठेवला. बोटांच्या पेरांवर काही तरी मोजलं. एकर, क्विंटल, भाव, मजुरी असा तो हिशेब असावा, कारण ओठ त्याच क्रमानं हलत होते. पेरं संपली, दुसऱ्या हातावर आले.

“नाही जमत,” ते म्हणाले. “त्यायची बोली जास्त हाय.” आणि पडद्याकडं बघत राहिले.

हंगाम मात्र आमच्या अंदाजांना लाजवील असा गेला. पुणेरी पलटण थेट अंतिम सामन्यात. अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार कप्तान असल्यामुळं पोरांना तो घरचाच वाटतो. 31 ऑक्टोबरला दिल्लीत दबंग दिल्लीनं 31-28 असं हरवलं. दिल्लीकडून मैदानात होता फजल अत्राचली, 2022 मध्ये ज्याला आम्हीच 1 कोटी 38 लाखांना घेतलं होतं. त्याला सोडलं तेव्हा ‘वय झालं’ असं म्हणणारे कोण होते, याचा तपास दुसऱ्या दिवशी सुरू झाला.

या खेपेला तो तपास लागण्याची शक्यता आहे, कारण टपरीवाल्यानं आता सगळं लिहून ठेवायला सुरुवात केली आहे. उधारीच्या वहीच्या मागच्या पानांवर प्रत्येकाचं नाव, त्यापुढं यंदा कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, कोण किती लाखांना जाणार. नियम असा की ज्याचा अंदाज चुकेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. चाकणवाला पोरगाही रात्रपाळीला जाण्याआधी फोन करून आपली यादी लिहायला लावतो. त्याच्या यादीत पहिली गरज डावा कोपराच आहे, आणि तिथं त्यानं एका पोराचं नाव सुचवलं आहे जो अजून कोणत्याच लिलावात आलेला नाही. तो सध्या आमच्याकडं बारावीत आहे.

वहीत पुढची पानं आणि मागची पानं हळूहळू एकमेकांच्या जवळ येत चालली आहेत. ती भेटली की नवी वही आणावी लागेल, आणि तिचे पैसे कोणी द्यायचे यावर टपरीवाल्याचा अंदाज पक्का आहे. त्यानं तो माझ्या नावावर लिहिलाही आहे.