ताटं नकोत, वर्तमानपत्र आणा

अमेरिकेच्या दक्षिणेत, विशेषतः साउथ कॅरोलायनात, पाहुणे जेवायला बोलावले की यजमान टेबलावर वर्तमानपत्र पसरतो. त्यावर उकडलेली कोळंबी, बटाटे, मक्याची कणसं, सॉसेज असा अख्खा ढीग ओततो आणि हात झटकून मोकळा होतो. ना ताटं, ना वाढप, ना भांड्यांचा ढिगारा. छापील बातम्यांचा याहून चोख उपयोग निदान माझ्या ऐकिवात नाही.

कृती म्हणाल तर पाणी उकळण्याची. बटाटे आधी, मग सॉसेज, मग कणसं. कोळंबी शेवटी, दोन-तीन मिनिटं, नाहीतर ती रबर होते. पण यजमानाचा थाट यज्ञाला बसल्यासारखा! साउथ कॅरोलायनाच्या या ‘अस्सल’ परंपरेत सर्रास पडणारा ओल्ड बे मसाला बाल्टिमोरचा. नाझी जर्मनीतून निसटून आलेल्या गुस्ताव ब्रुनने १९३९ च्या सुमारास केलेला. हा विषय कुणी काढत नाही.

भांडण होतं ते सोबतच्या कॉर्नब्रेडवरून. तापलेल्या बिडाच्या तव्यात बेकनची चरबी, त्यावर मक्याच्या पिठाचं मिश्रण, चर्र आवाज... इथवर एकमत. त्यात साखर घातलीत की तुम्ही उत्तरेकडचे आणि तो केक! उत्तर-दक्षिणेतलं अमेरिकन यादवी युद्ध १८६५ साली संपलं असं पुस्तकांत छापलंय. जेवायला गेलात तर साखरेचा विषय काढून बघा.