चित्रपट सुचवू इच्छिणाऱ्यांसाठी सर्वसाधारण सूचना

चित्रपट सुचवणे हे जोखमीचे काम आहे. सुचवलेले औषध लागू पडले नाही तर रोगी डॉक्टर बदलतो. सुचवलेला चित्रपट पसंत पडला नाही तर नातेवाईक तो विषय लग्नाकार्यात वीस वर्षे काढत राहतात. तरीही या कामासाठी आपल्याकडे परीक्षा नाही, परवाना नाही, वयाची अट नाही. ही उणीव दूर करण्यासाठी पुढील सूचना तयार केल्या आहेत. त्या राणीसावरगाव (तालुका गंगाखेड, जिल्हा परभणी) येथील एका घरात, एकच टीव्ही, भरवशाची नसलेली वीज आणि पुण्याच्या भाच्याने उसना दिलेला पासवर्ड एवढ्या सामग्रीवर तपासून पाहिल्या आहेत. मोठ्या शहरांनी आपापल्या जबाबदारीवर वापराव्यात.

नियम पहिला. सुचवणाऱ्याने चित्रपट स्वतः पाहिलेला असावा.

हा नियम लिहावा लागतो याचे कारण आमचे दाजी. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरी पुण्यात, सासुरवाडी इथे. नवरात्रात रेणुकादेवीच्या दर्शनाला आणि दिवाळीला ते येतात. मराठवाड्यात जावयाचा मान काय असतो हे सांगायला नको. ते बसले की उशी येते, उठले की पाट सरकतो आणि ते म्हणाले की सिनेमा लागतो. दाजींचा चित्रपटांचा अभ्यास मोठा आहे. तो ट्रेलर, ऑफिसातल्या जोशीसाहेबांचे मत आणि पेपरातल्या परीक्षणाचा वरचा निम्मा भाग यांतून झालेला आहे.

एका पाडव्याला त्यांनी ‘कोर्ट’ सुचवला. “वकिलांची काय जुगलबंदी आहे म्हणून सांगू!” चैतन्य ताम्हाणेंचा हा चित्रपट 2014 चा, त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेवढे दाजींना ठाऊक होते. जुगलबंदी मात्र त्यात नाही. एका म्हाताऱ्या लोकशाहिरावर खटला आहे, की त्याचे गाणे ऐकून गटारसफाई करणाऱ्या एका कामगाराने जीव दिला. कॅमेरा लांब कोपऱ्यात उभा राहतो आणि हलत नाही. बचावाचा वकील दुकानात सामान घेतो, सरकारी वकीलबाई घरी जाऊन स्वयंपाक करतात, न्यायाधीश एका बाईचा दावा केवळ बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून ऐकतच नाहीत. अर्ध्या तासाने लेकरे उठून गेली. आबा, म्हणजे आमचे वडील, चकली खात म्हणाले, “खटला कवा सुरू व्हायचाय?”

पण शेवटपर्यंत बसले ते आबाच. आमच्या बांधाचा दावा तालुक्याच्या कोर्टात माझ्या लग्नाआधीपासून पडून आहे. पडद्यावर पुन्हा पुढची तारीख पडली, तसे आबा मान हलवून म्हणाले, “हे मात्र खरं दाखवलंय.” दाजी तोवर घोरत होते. ताम्हाणेंना काय सांगायचे होते यावर मी नंतर बरेच वाचले. आबांच्या पुढे फार कुणी गेलेले दिसले नाही.

दाजी स्थळेही याच पद्धतीने सुचवतात. “मुलगा म्हणजे सोनं!” कुणाचा कोण, ते विचारले की उत्तर जोशीसाहेबांच्या साडूपाशी जाऊन थांबते. माझी धाकटी बहीण परभणीला राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करते. तिच्यासाठी आजवर जेवढे सोने दाजींनी आणले, तेवढे गंगाखेडच्या सराफ्यात नसेल. मूळ विषयाकडे वळू.

नियम दुसरा. शेवट सांगू नये. ‘वाळवी’ (2023) हा परेश मोकाशींचा खुनाच्या कटाचा बेरकी चित्रपट आमच्या घरात अद्याप कुणी पाहिलेला नाही, कारण त्याचा शेवट सगळ्यांना माहीत आहे. सांगितला कुणी, हे सुज्ञांनी ओळखावे.

नियम तिसरा. जुना एकटा सुचवू नये, नवाही एकटा सुचवू नये, जोडी लावावी.

आबांचे मत असे, की निळू फुले गेले तसा सिनेमा गेला. भाच्याचे मत असे, की ज्यात रंग नाहीत तो सिनेमा नव्हे, पुरावा आहे. दोघांना एका सतरंजीवर बसवायचे तर एकाच गोष्टीचे दोन चित्रपट लागतात, एक त्याचा आणि एक ह्याचा. जुना आधी लावावा. नव्याच्या धावपळीनंतर जुना लावला की तो उगाच संथ वाटतो. उलट क्रमाने दोघांचाही मान राहतो. प्रभातच्या काळातला आवाज खरखरीत असतो, म्हणून पंखा बंद करावा आणि पहिली पंधरा मिनिटे कुणालाही मत देऊ नये. तेवढ्यात कान सरावतो. मग संवाद इतके स्वच्छ ऐकू येतात, की आजच्या नटांची पुटपुट ऐकताना आपलेच कान गेलेत की काय अशी शंका येते.

नमुन्याची जोडी: ‘संत तुकाराम’ आणि ‘देऊळ’. पहिला 1936 चा, दामले-फत्तेलालांचा. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीसांचा तुकोबा सगळ्यांना माहीत असतो, पण बघायचे गौरीबाईंच्या जिजाईकडे. घरात दाणा नाही, पोर तापाने फणफणलेले आणि नवरा अभंगांत. ती तडक देवळात जाऊन विठ्ठलाला वहाणेचा धाक दाखवते. आमची आई या चित्रपटात तुकोबांच्या बाजूने एकदाही बोललेली नाही. “खायला कोण घालतंय समद्यांला? तीच ना?” दुसरा 2011 चा, उमेश कुलकर्णींचा. केशा नावाचा भोळा गडी करडी गाय शोधायला निघतो, त्याला दत्त दिसतात, आणि मग गावात दवाखाना व्हायचा तो राहून देऊळ होते. देवाचे प्रसादाचे दुकान, देवाची सीडी, देवाचे पार्किंग. ज्या गावात जत्रा भरते तिथे ‘देऊळ’ लावताना एक खबरदारी घ्यावी: पडद्यावरच्या माणसाला गावातल्या माणसाचे नाव मोठ्याने देऊ नये. खिडक्या उघड्या असतात.

‘पिंजरा’ (1972) आणि ‘नटरंग’ (2010) ही जोडी आपोआप लागते, तिला मार्गदर्शनाची गरज नाही.

‘सामना’ची जोडी लावू नये. कारखाना, पतसंस्था किंवा बाजार समिती यांच्याशी संबंधित पाहुणा घरात असेल तर ‘सामना’च लावू नये. जब्बार पटेलांचा हा चित्रपट 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. तिथल्या परीक्षकांना हिंदुराव धोंडे पाटील कितपत समजले असतील देव जाणे. इथे तो माणूस समजावून सांगावा लागत नाही.

‘शेजारी’ (1941) वेळ काढून पाहावा. शांतारामबापूंचा. केशवराव दाते आणि गजानन जागीरदार हे दोन म्हातारे मित्र, एक हिंदू, एक मुसलमान, बुद्धिबळाचा पट आणि गावात होऊ घातलेले धरण. त्यांच्यात फूट कोण पाडतो, कशासाठी पाडतो, हे 1941 साली इतके नीट सांगून ठेवले आहे, की आज फक्त धरणाच्या जागी दुसरे काहीतरी टाकायचे.

नियम चौथा. ‘अशी ही बनवाबनवी’ (1988) सुचवू नये. ती सुचवायची गोष्ट नव्हे. ती लागलेलीच असते. अशोक सराफ तोंड उघडायच्या आधी आमच्याकडे आजीपासून अंगणवाडीतल्या लेकरापर्यंत सगळ्यांचे संवाद म्हणून होतात. फार तर, लक्ष्मीकांत बेर्डे आपल्याला पुरते कळले आहेत असे समजणाऱ्यांना ‘एक होता विदूषक’ (1992) हळूच लावून द्यावा. पटकथा-संवाद पुलंचे, गाणी आमच्या मराठवाड्याच्या महानोरांची. हसवणाऱ्या माणसाचे काय होते, ते त्यात आहे. चित्रपट फारसा चालला नाही. लोकांना लक्ष्या हवा होता, बेर्डे नको होते.

नियम पाचवा. लहान मुलांना विचारून लावू नये, न विचारता लावावा. ‘एलिझाबेथ एकादशी’ (2014). पंढरपूर, भाऊ-बहीण, सायकल. पुढे बोलायचे काम नाही.

नियम सहावा. शेतीचा चित्रपट सुचवण्याआधी घरातल्या बाईला विचारावे.

आईची एक कसोटी आहे. पडद्यावरच्या बाईने खुरपे हातात धरले की आई डोळे बारीक करते. लुगड्याला इस्त्री असेल, भाकरी थापताना परातीत पीठ कमी-जास्त दिसले, रानात दुपारी सावली चुकीच्या बाजूला पडली, की त्या दिग्दर्शकाचे पुढचे सगळे ऐकून घेणे बंद. या कसोटीत पुरस्कारविजेते आपटताना मी पाहिले आहेत. ‘गाभ्रीचा पाऊस’ उतरला. सतीश मनवर यांचा हा 2009 चा चित्रपट विदर्भातला. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर एक बाई घाबरते, की आपला नवराही असेच काही करील. म्हणून ती त्याला गोडधोड करून घालते आणि पोराला त्याच्या मागे पाळतीवर लावते. नवऱ्याला पत्ताच नाही, त्याला कळेना की घरात एकाएकी एवढे कौतुक का सुरू झाले.

हे बघताना लोकांना रडू येते असे मी वाचले होते. आई खळखळून हसली. मग आबांकडे न बघता म्हणाली, “पंधराच्या दुष्काळात म्या तरी दुसरं काय करायले होते? ह्याला डबा घेऊन रोज रानात कशाला धाडत होते?” ‘ह्याला’ म्हणजे मला. मला वाटत होते, डबा द्यायला.

आबा म्हणाले, “आवाज वाढवा जरा.”

नियम सातवा. वीज जाण्याच्या वेळा पाहून चित्रपटाची लांबी ठरवावी.

नियम आठवा. सुचवण्याचा अधिकार वयाने, नात्याने किंवा पगाराने मिळत नाही. तो रिमोटने मिळतो.

गेल्या दिवाळीत रिमोट धाकटीकडे होता. दाजी आदल्या रात्री नवे सोने घेऊन आले होते. ती काही बोलली नाही. तिने नियम तिसरा काटेकोर पाळला आणि पहिल्या संध्याकाळी ‘कुंकू’ लावला. 1937, प्रभात, दिग्दर्शक शांताराम. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. मामा फसवून पोरीचे लग्न एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लावून देतो आणि ती पोर, म्हणजे शांता आपटे, हे लग्न मानायला साफ नकार देते. रडत बसत नाही, भांडते. दाजींना चित्रपट फार आवडला. “पूर्वी काय एकेक प्रकार चालायचे!” ते म्हणाले, आणि मामाला त्यांनी मनापासून शिव्या दिल्या.

दुसऱ्या संध्याकाळी तिने ‘स्थळ’ लावला. जयंत सोमलकर यांचा, आपल्याकडे 2025 च्या मार्चमध्ये प्रदर्शित झालेला. सुरुवातीलाच एका नवऱ्या मुलाला पाटावर बसवून बायका प्रश्न विचारतात. दाजी पोट धरून हसले. विनोदी चित्रपट आहे असे त्यांनी ताईला सांगितले. मग ते सविताचे स्वप्न होते हे कळते आणि खरे सुरू होते. कापूस पिकवणाऱ्याची मुलगी, समाजशास्त्र शिकणारी, परीक्षेची तयारी करणारी. पाहुणे येतात, पोहे येतात, नाव, शिक्षण, उंची. पाहुणे जातात. दुसरे येतात, पोहे येतात, नाव, शिक्षण, उंची. सोमलकर हा प्रसंग एकदा दाखवून थांबत नाहीत; तोच, तसाच, पुन्हा पुन्हा दाखवतात. तिसऱ्या खेपेला हसू थांबते, चौथ्या खेपेला आपण त्या पाहुण्यांत कुठे बसलो होतो ते आठवायला लागते. कापसाचा भाव आणि पोरीचा रंग एकाच घरात एकाच आठवड्यात कसा ठरतो, हे ज्यांना पुस्तकात समजले नाही त्यांनी तो पाहावा.

दाजी या वेळी झोपले नाहीत. ही नोंद मुद्दाम करून ठेवतो. संपल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि “चांगला काढलाय,” एवढेच म्हणाले. आई उठून चहाला गेली. मला वाटले, आता या घरात निदान एका विषयावर तरी शांतता नांदेल.

सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर दाजींचा निरोप होता: ‘स्थळ’ हा अप्रतिम चित्रपट, लग्नाच्या मुलींनी आणि त्यांच्या पालकांनी आवर्जून पाहावा. त्याच्याच खाली त्यांनीच टाकलेला एक बायोडाटा. मुलगा पुण्यात, आयटीत, निर्व्यसनी. उंची पहिल्याच ओळीत.

धाकटी अंगणात दात घासत होती. तिने तोंडातला फेस थुंकला आणि ओसरीकडे बघून विचारले, “दाजी, हा पूर्ण बघितलाय, का नुसता ट्रेलर?”