क्युरीबाईंचा काटा

"वहिनी, मिठाची बरणी उन्हात?"

"काय करू, या पावसानं पाणी सुटलंय हो त्याला."

"मग तुम्हाला मेरी क्युरीबाईंची पंचाईत कळेल."

"रेडियमवाल्या? त्यांना मिठाचं काय?"

"मीठच की! रेडियम क्लोराइड. १९०२ साली बाईंनी पॅरिसात रेडियमचा अणुभार काढला. हाताशी माल जेमतेम दशांश ग्रॅम, आणि तोही काट्याच्या पेटीत ठेवला की ओल प्यायला लागायचा. शेजारी ओल शोषणारं रसायन ठेवलं, तरी वजन आपलं चढतंच."

"मग झटकन तोलायचं."

"झटकन? कॉलेजातला काटा विसरलात वाटतं?"

"छे! डावीकडे किती, उजवीकडे किती, झोके टिपत बसायचं. त्यात ते चिमट्यानं ठेवायचे मिलिग्रॅमचे पत्रे! कोणी शिंकलं की गायब."

"काटा जितका नाजूक, तितका रेंगाळणार. हॅम्बुर्गच्या पाउल बुंगेनं दांडी आखूड केली, झोके भरभर व्हायला लागले. पण थांबायला नकोत? ते थांबवले पिएर क्युरीनं."

"बाईंच्या नवऱ्यानं!"

"तेव्हा कुठला नवरा? लग्न १८९५ चं, काटा त्याआधीचा."

"म्हणजे काटा सासरी आयताच मिळाला म्हणा."

"म्हणा. युक्ती बघा: पारड्याखाली एकात एक असे दोन डबे. एक पारड्याबरोबर हलणारा, दुसरा पक्का; मध्ये बारीकशी फट. पारडं हललं की कोंडलेली हवा त्याला अडवते. दोन-चार हेलकावे खायची सोयच नाही."

"पण मग ती हवा वजनातही लुडबुड करणार!"

"तीच तर गंमत. हवा अडवते ती फक्त हालचालीला. काटा थांबला की तिचा अडसर संपला. तेल घातलं असतं, तर ते कडेला धरून ओढत राहिलं असतं. शिवाय दांडीच्या टोकाला बारीक मोजपट्टी आणि समोर सूक्ष्मदर्शक. शेवटची चिमुकली वजनं टाकायचीच नाहीत, सरळ आकडा वाचायचा. मिलिग्रॅमच्या विसाव्या भागापर्यंत भरवसा."

"मग आला किती आकडा?"

"२२५. आज २२६ धरतात."

"अगंबाई, एकानं हुकल्या!"

"पिएर १९०६ साली घोडागाडीखाली सापडून गेला. पुढच्या वर्षी बाईंनी जास्त माल घेऊन पुन्हा अणुभार काढला. २२६ च्या थोडा वरच आला."

"वाटलंच मला. त्यांचा जीव त्या एकात अडकला असणार."