बदललेला घोडा

बदलापूर हे नाव कसं पडलं याची इथे एक लाडकी गोष्ट सांगतात. शिवकाळात लांबच्या मजलेवर निघालेले स्वार या गावात दमलेले घोडे बदलायचे, म्हणून बदलापूर. खरं-खोटं इतिहासकार बघून घेतील. मी मात्र इथल्याच खरवईत राहून सत्तेचाळिसाव्या वर्षी ही परंपरा पुढे चालवली. बारा वर्षांची इमानी स्कूटर देऊन टाकली आणि यामाहाची आर-१५ घेतली. अर्थात जुनी.

२००८ साली ही गाडी भारतात आली, तेव्हा दीडशे सीसीच्या मोटारसायकलला पाण्याने थंड होणारं इंजिन ही चैनच होती. त्याच वर्षी माझं लग्न ठरलं. एका वर्षात दोन धाडसं नकोत, म्हणून मी थांबलो.

पत्र्याच्या शेडमधल्या डीलरने गाडीवरून फडकं फिरवत सुरुवात केली, ‘‘साहेब, डॉक्टरची गाडी. सिंगल हँड. नटाला पाना लागलेला नाही. एमएच-०५ आहे, एनओसीची भानगड नाही.’’ विकायला निघालेली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरचीच असते. डॉक्टरांनी घरी व्हिजिटला येणं का बंद केलं, ते मला तिथे कळलं.

सोबत भाचा होता. त्याने गाडी बघायच्या आधी इंजिनजवळ हात नेला. ‘‘मामा, गरम आहे.’’

‘‘आत्ताच पुसली ना,’’ डीलर म्हणाला.

पुसल्याने इंजिन तापतं ही माहिती मला नवीन होती. थंड इंजिन सुरू करताना आपली दुखणी बोलून दाखवतं, म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधीच गाडी तापवून ठेवतात, असं भाच्याने कानात सांगितलं. मग तो उकिडवा बसला आणि टायरच्या कडेवरचे चार आकडे त्याने अंगठ्याने पुसले : २३२२. म्हणजे २०२२ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. गाडी २०१९ची. पहिला टायर संपला, दुसऱ्याला टक्कल पडत आलेलं, फूटरेस्टचं रबर पाटा-वरवंट्यासारखं गुळगुळीत. आणि मीटर म्हणतंय, फक्त अठरा हजार किलोमीटर!

मोबाइलवर नंबर टाकला तर तीन ई-चलानं निघाली, त्यातलं एक ट्रिपल सीटचं. डॉक्टर कंपाउंडर आणि पेशंट दोघांना एकदमच नेत असावेत. आरसीवर बँकेचा बोजाही तसाच. ‘‘फॉर्म ३५ आणून देतो, २९-३० वर सह्या तयार आहेत,’’ डीलर म्हणाला. बहात्तर हजारांवरून गाडी अठ्ठावन्नवर आली, तसा मीही ‘साहेब’वरून ‘काका’वर आलो.

भाचा डोळे वटारत होता. पण एव्हाना मी गाडीवर बसलो होतो. टाकीवर ओणवा होऊन आरशात पाहिलं, तर त्यात तिशीतला माणूस दिसला. मीटर मागे फिरवलंय हे मला कळत होतं. माझंही फिरत असेल तर माझी हरकत नव्हती. चलानं भरून घेतली, बोजा उतरवायला लावला आणि पैसे दिले.

घरी आलो तो काटकोनात. तीन दिवस कंबर शेकली. चौथ्या दिवशी हिला फिरवायला काढलं, तर मागची सीट बघून ही म्हणाली, ‘‘यावर बसायचं की पोळ्या लाटायच्या?’’ तिने पायरीवरचा दळणाचा डबा माझ्यापुढे ठेवला. स्कूटरवर तो पायांशी बसायचा. इथे टाकीवर ठेवला तर घसरतो, मागे ठेवला तर उडी मारतो, आणि पिशवी अडकवायला साधा हूकही नाही. शेवटी गाडी दारात लावून मी डबा खांद्यावर घेतला आणि गिरणीत चालत गेलो.

जुनी गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असताना जा, टायरवरचे आकडे वाचा, चलानं तपासा, जाणता माणूस सोबत न्या. आणि दळणाचा डबाही न्या.